शेक आधी की इंजेक्शन आधी?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनीच्या पत्राचा हा गोषवारा आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्यांचे वडील ६२ वर्षांचे असून एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाल्यावर घरची शेती पाहतात. दोन महिन्यांपूर्वी पोटात उजवीकडे दुखू लागले म्हणून आधी सोनोग्राफी आणि मग सीटी स्कॅन झाला. यकृताच्या उजव्या भागात ९ सेंटिमीटरची गाठ आणि त्याच बाजूच्या पोर्टल शिरेत (आतड्यांकडचे रक्त यकृतात आणणारी शीर) शिरलेला गाठीचा भाग त्यात दिसला. यकृताबाहेर आजार गेलेला नाही. रक्तात हिपॅटायटिस ‘बी’ आढळला, परंतु ‘आधी कॅन्सरचे बघू’ म्हणून त्याच्या गोळ्या अद्याप सुरू केलेल्या नाहीत. शस्त्रक्रिया आणि प्रत्यारोपण सध्या शक्य नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. पुण्यातील एका डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही दोन इंजेक्शने सुचवली. मुंबईतील दुसऱ्या डॉक्टरांनी आधी पाच वेळा नेमका किरणोपचार, म्हणजे बोलीत ‘शेक’, आणि त्यानंतर गोळ्या असे सांगितले. थोरला भाऊ म्हणतो, ‘सगळे एकदमच देऊन टाका, जमीन विकू’. काका म्हणतात, ‘शेक सांगितला म्हणजे शेवट आला, आता हाल नकोत’. काकूंनी गुळवेलीचा काढा सुरू केला आहे. वडिलांना ‘यकृताला सूज आहे’ एवढेच माहीत आहे. दोघांपैकी कोणते डॉक्टर बरोबर आणि सगळे उपचार एकत्र दिल्यास गुण लवकर येईल का, असे या भगिनी विचारतात.

उत्तर : तुमच्या पत्राची दोन पाने गाठीबद्दल आहेत आणि यकृताबद्दल एकच ओळ आहे : बिलिरुबिन (काविळीचे माप) १.६, अल्ब्युमिन (यकृत बनवते ते प्रथिन) ३.१, आयएनआर (रक्त गोठण्याचे माप) १.३, भान शाबूत, ‘पोटात थोडेसे पाणी’. मी त्या ओळीपासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे गाठीच्या मापापेक्षा त्या ओळीवर अधिक अवलंबून आहेत. वडिलांना न तपासता आणि स्कॅन न पाहता मी लिहितो आहे, हे मात्र शेवटपर्यंत लक्षात असू द्या.

यकृताचा कर्करोग सहसा धडधाकट यकृतात उगवत नाही. हिपॅटायटिसचा विषाणू, दारू किंवा मधुमेह-स्थूलतेबरोबर येणारी चरबी यांमुळे यकृत वर्षानुवर्षे कठीण होत जाते आणि त्या कठीण झालेल्या यकृतात गाठ धरते. म्हणजे तुमच्या वडिलांना एक नव्हे, दोन आजार आहेत. उपचार करायचे ते गाठीवर, पण सोसायचे ते उरलेल्या यकृताने. स्तन काढून टाकला तरी बाई जगते. यकृताच्या बाबतीत ती सवलत नाही.

उरलेले यकृत किती कामाचे आहे हे सांगणारी ‘चाइल्ड-प्यू’ नावाची एक जुनी मोजपट्टी आहे. तुम्ही लिहिलेल्या पाच गोष्टींना तीत प्रत्येकी १ ते ३ गुण मिळतात. बिलिरुबिन २ च्या आत म्हणून १, अल्ब्युमिन २.८ ते ३.५ च्या दरम्यान म्हणून २, आयएनआर १.७ च्या आत म्हणून १, पोटात थोडे पाणी म्हणून २ आणि भान शाबूत म्हणून १, अशी बेरीज ७ येते. ५ आणि ६ गुण ‘अ’ वर्गात बसतात, ७ ते ९ ‘ब’ वर्गात आणि त्यापुढे ‘क’. तुमचे वडील ‘ब’ वर्गाच्या पहिल्याच पायरीवर आहेत. हा आकडा कोणत्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितला का, याचा पत्रात उल्लेख नाही. दोघांनाही तो आवर्जून विचारा, कारण दोघांचेही सल्ले ज्या मोठ्या अभ्यासांवर उभे आहेत त्यांत ‘अ’ वर्गातलेच रुग्ण घेतले होते.

आता ‘बरोबर कोण’ हा प्रश्न. दोन डॉक्टरांची मते वेगळी पडली की त्यांतला एक चुकतो आहे, असे आपण धरून चालतो. इथे तसे नाही. पुण्यातील डॉक्टरांनी सुचवलेल्या इंजेक्शनांच्या जोडीचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिब या जुन्या गोळीवर असलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान १३.४ महिने आणि या जोडीवर असलेल्यांचे १९.२ महिने, असे त्याच्या पुढील पाहणीत दिसले. मध्यम म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले आणि निम्मे त्याहून कमी; तुमच्या वडिलांसाठी ठरलेली ही मुदत नव्हे. शस्त्रक्रिया होऊ न शकणाऱ्या रुग्णांना अनेक देशांत आज पहिल्यांदा हीच जोडी किंवा ड्युर्व्हालुमॅब आणि ट्रेमेलिमुमॅब ही दुसरी जोडी दिली जाते.

मुंबईतील डॉक्टरांच्या मागेही तितकाच खरा अभ्यास आहे. टोरांटोच्या किरणोपचारतज्ज्ञ लॉरा डॉसन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अर्ध्या रुग्णांना नुसते सोराफेनिब दिले आणि अर्ध्यांना आधी पाच वेळा नेमका किरणोपचार, ज्याला डॉक्टर ‘एसबीआरटी’ म्हणतात, आणि मग तीच गोळी. पहिल्या गटाचे मध्यम आयुर्मान १२.३ महिने होते, दुसऱ्याचे १५.८, आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ५.५ महिन्यांवरून ९.२ महिन्यांवर गेला. या रुग्णांपैकी जवळपास तीन चतुर्थांश जणांच्या मोठ्या रक्तवाहिनीत गाठ शिरलेली होती, म्हणजे या बाबतीत ते तुमच्या वडिलांसारखेच होते. चाचणीची उणीवही सांगायला हवी. २९२ रुग्ण घ्यायचे ठरले होते, पण मध्येच इंजेक्शनांची जोडी आल्याने प्रमाणित उपचारच बदलला आणि १९३ रुग्णांवर चाचणी थांबवावी लागली. त्यामुळे आयुर्मानातला फरक संख्याशास्त्राच्या कडक कसोटीला अगदी काठावर राहिला. याच्या आधी २०१८ साली सोलच्या एका रुग्णालयाने ९० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. गाठीच्या धमनीत औषध सोडून ती धमनी बंद करायची, ज्याला ‘टेस’ म्हणतात, आणि जोडीला किरणोपचार द्यायचा, अशा उपचारावरचे रुग्ण सोराफेनिबवरच्या रुग्णांपेक्षा अधिक जगले : ४३ आठवड्यांच्या जागी ५५. त्या गटातील पाच जणांची गाठ तर इतकी आटोक्यात आली की नंतर शस्त्रक्रिया करता आली.

मग इंजेक्शनांची जोडी आणि किरणोपचार या दोहोंची थेट तुलना? तुमच्या वडिलांसारख्या रुग्णांत कोणते आधी द्यावे हे निकालात काढणारी मोठी चाचणी आज डॉक्टरांच्या हातात नाही. म्हणूनच दोन प्रामाणिक डॉक्टर तुम्हाला दोन रस्ते सांगत आहेत. त्यांच्यात भांडण नाही. प्रत्येकाने आपल्या हातातल्या पुराव्याकडे बोट दाखवले आहे.

काकांच्या म्हणण्याकडे वळतो, कारण ‘शेक म्हणजे शेवट’ ही समजूत त्यांच्या एकट्याची नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात तिला आधारही होता. संपूर्ण यकृतावर किरण टाकले तर गाठ मारण्याइतकी मात्रा यकृताला सोसत नाही. काही आठवड्यांनी पोट पाण्याने भरते आणि यकृत निकामी होऊ लागते. त्यामुळे यकृताचा किरणोपचार पूर्वी जवळजवळ वर्ज्यच होता. पुढे सीटी स्कॅनवर योजना आखता येऊ लागली, श्वासाबरोबर वरखाली होणाऱ्या यकृताचा माग ठेवता येऊ लागला आणि एक जुनी गोष्ट नव्याने कामी आली : यकृत शेतासारखे असते. एका वाफ्यात पीक जळले तरी बाकीचे वाफे पिकतात. फक्त ते बाकीचे वाफे पुरेसे हवेत. पाच वेळांच्या किरणोपचारात साधारण ७०० घनसेंटिमीटर निरोगी यकृत किरणांच्या माऱ्यातून वाचले पाहिजे, असा एक सर्वमान्य दंडक आहे. ९ सेंटिमीटरची गाठ वगळून वडिलांच्या यकृतात तेवढे उरते का, हे मुंबईतील डॉक्टर संगणकावर मोजू शकतात. ते मोजल्याशिवाय होकार देऊ नका.

शिरेत शिरलेल्या गाठीसाठी शेकाचे आणखी एक महत्त्व आहे, आणि घरात ते कोणी समजावून सांगितले नसावे. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळते. गाठ मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसते. म्हणजे पोर्टल शिरेत गाठ वाढली की उपाशी पडते ते चांगले यकृत. शिवाय पुढची वाट अडल्याने मागे दाब वाढतो, अन्ननलिकेतील शिरा फुगतात आणि त्या फुटून रक्ताची उलटी होऊ शकते. किरणांनी शिरेतला भाग आक्रसला तर रक्ताची वाट काही प्रमाणात मोकळी होते, यकृताला उसंत मिळते आणि पुढची औषधे सोसण्याची ताकद टिकते. इथे शेक हा पुढच्या उपचारांसाठी रस्ता करून देणारा उपचार आहे, शेवटचा नव्हे. काकांना हे याच शब्दांत सांगून पाहा.

भावाचे ‘सगळे एकदम’ मला अधिक काळजीचे वाटते, कारण ते मायेपोटी आलेले आहे आणि मायेशी वाद घालणे अवघड असते. उपचारांची सांगड घालणे म्हणजे ते एकाच वेळी अंगावर घालणे नव्हे. डॉसन यांच्या चाचणीतही किरणोपचार संपल्यानंतर गोळी सुरू केली होती, कारण दोन्ही एकत्र दिल्यावर त्रास वाढतो हे आधीच्या छोट्या अभ्यासांत दिसले होते. बेव्हॅसिझुमॅब तर नव्या रक्तवाहिन्या होऊ देत नाही, जखम भरायला उशीर करते आणि रक्तस्रावाचा धोका वाढवते. जठर किंवा आतड्याजवळ किरण पडले असतील तर हा धोका आणखी गंभीर होतो. एकदा दिलेले हे औषध लगेच उतरतही नाही. शरीरातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायलाच सुमारे २० दिवस लागतात. किरणांनी फुटलेल्या गाठीतील पेशी प्रतिकारशक्तीला ओळखता येतात आणि त्यामुळे इम्युनोथेरपी, म्हणजे अटेझोलिझुमॅबसारखी प्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधे, अधिक चालते, असे तुमच्या भावाने कुठेतरी वाचले असेल. कल्पना आकर्षक आहे, तिच्यावर काम चालू आहे; परंतु तिच्या भरवशावर सात गुणांचे यकृत पणाला लावावे, एवढा पुरावा अजून नाही.

मग आता काय करावे? माझे स्पष्ट मत असे आहे की पहिले दोन आठवडे शेक आणि इंजेक्शन दोन्ही बाजूला ठेवून यकृतासाठी द्यावेत, आणि दोन आठवडे वाया जातील ही भीती बाळगू नये. हिपॅटायटिस ‘बी’ची गोळी, म्हणजे एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर, पोटविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने या आठवड्यातच सुरू व्हायला हवी. तुमच्या पत्रातली मला सर्वाधिक खटकलेली ओळ तीच आहे. विषाणू मोकळा असताना किरणोपचार किंवा इतर औषधे दिली तर तो उसळून यकृत अचानक ढासळू शकते. उलट विषाणू दबला की अल्ब्युमिन आणि बिलिरुबिन काही आठवड्यांत सुधारण्याची शक्यता असते. दुसरी गोष्ट दुर्बिणीच्या तपासणीची. बेव्हॅसिझुमॅब असलेल्या त्या जोडीच्या मूळ अभ्यासात प्रत्येक रुग्णाची अन्ननलिका आधीच्या सहा महिन्यांत दुर्बिणीने तपासलेली असावी, अशी अटच होती. वडिलांची ती झालेली दिसत नाही. फुगलेल्या शिरा सापडल्या तर रबरी कड्या घालून त्या बांधता येतात आणि मगच त्या इंजेक्शनाचा विचार करता येतो; शिरा फार मोठ्या असतील तर दुसरी जोडी किंवा गोळी अधिक सुरक्षित ठरते.

पोटातल्या पाण्यासाठी मीठ कमी करावे आणि डॉक्टरांनी दिली तर लघवी वाढवणारी गोळी घ्यावी. डाळ, अंडे, दूध, मासे मात्र तोडू नयेत. यकृताच्या रुग्णाला पिवळे वरण आणि भातावर ठेवण्याची आपली रीत स्नायू झिजवते. दुखण्यावर दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या बंद करा, त्यांनी मूत्रपिंड आणि जठर दोन्ही बिघडतात. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमपर्यंत सहसा चालते, तरी डॉक्टरांना विचारूनच द्या. काकूंनी सुरू केलेला गुळवेलीचा काढाही थांबवा. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली केली आहे, आणि वडिलांच्या यकृताला आता अशी एकही ठेच परवडणारी नाही. दारूचा तुम्ही उल्लेख केलेला नाही. असली तर पूर्ण बंद.

दोन आठवड्यांनी, फार तर तीन, रक्त पुन्हा तपासा आणि तीच बेरीज पुन्हा मांडा. ती ६ वर आली, वडील स्वतःचे स्वतः करत असले आणि निरोगी यकृत पुरेसे उरत असले, तर आधी गाठीवर व शिरेतील भागावर पाच वेळा किरणोपचार आणि काही आठवड्यांची उसंत देऊन मग औषध, या क्रमाकडे माझा कल राहील, कारण शिरेतली गाठ हे सध्याचे सर्वांत तातडीचे संकट आहे. पुण्यातील डॉक्टर आधी इंजेक्शने देऊन दोन-तीन फेऱ्यांनंतर स्कॅन करू आणि उरलेल्या भागावर शेक देऊ म्हणाले, तर तेही मी चूक म्हणणार नाही. बेरीज ७ वरच राहिली तर किरणांची मात्रा कमी करून आणि फार जपून पुढे जाता येते. टोरांटोच्याच २९ रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात ७ गुणांच्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान ९.९ महिने आणि ८ किंवा अधिक गुणांच्या रुग्णांचे २.८ महिने होते. एका गुणाने केवढा फरक पडतो ते यावरून कळेल. बेरीज ८ किंवा ९ झाली तर गाठीमागे धावणे थांबवून वेदनेकडे वळावे. तिथेही शेकाला जागा आहे. कॅनडातील ६६ रुग्णांच्या चाचणीत यकृतावर एकदाच दिलेल्या ८ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) किरणांनंतर महिन्याभरात ६७ टक्के रुग्णांचे दुखणे कमी झाले. फक्त इतर आधार-उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. एका दिवसाचे काम, घरी परत.

जमीन विकण्याआधी थोडे पैशाबद्दल. इंजेक्शनांच्या जोडीची प्रत्येक फेरी लाखाच्या घरात जाऊ शकते आणि ती महिनोन्‌महिने चालते. सोराफेनिबची गोष्ट वेगळी आहे. मार्च २०१२ मध्ये मुंबईतील पेटंट नियंत्रकांनी नॅटको या भारतीय कंपनीला देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याच्या १२० गोळ्या २ लाख ८० हजार रुपयांऐवजी ८,८८० रुपयांत मिळण्याची वाट मोकळी झाली. डॉसन यांच्या चाचणीला परदेशी तज्ज्ञ ‘उशिरा आलेली’ म्हणतात, कारण त्यांच्याकडे सोराफेनिब मागे पडले. पण ज्या घराला इंजेक्शने झेपत नाहीत त्या घरासाठी ‘पाच वेळा शेक आणि मग स्वस्त गोळी’ ही तुलना मुळीच शिळी झालेली नाही, आणि हा रस्ता म्हणजे गरिबांचा दुय्यम उपचार असे समजून मनाला लावून घेऊ नका. शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचाराचा कोणता प्रकार बसतो आणि कोणते औषध बसत नाही, हे तारीख ठरण्याआधी लेखी विचारा. औषध कंपन्यांच्या रुग्ण-सहाय्य योजनांबद्दलही तिथेच चौकशी करा. दोन्ही डॉक्टरांचे कागद एकाच फाइलीत लावून, जिथे पोटविकारतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ, औषधोपचारतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक एकत्र बसून निर्णय घेतात, अशा रुग्णालयात एकदा दाखवा. अशा बैठकीला ट्युमर बोर्ड म्हणतात. ‘आमची केस बोर्डात ठेवाल का’ एवढे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

राहिले वडील. पत्रात भाऊ, काका, काकू, दोन डॉक्टर सगळे बोलतात; तेच एक बोलत नाहीत. त्यांना यंत्राखाली झोपायचे आहे, सांगितले की श्वास रोखायचा आहे, काही तास उपाशी राहायचे आहे, कुठे दुखते आणि किती थकवा आला ते खरे सांगायचे आहे. ‘सूज’ उतरवण्यासाठी एवढे सगळे कोणी का करते, हा प्रश्न तीस वर्षे गाडी हाकलेल्या माणसाला पडला नसेल, असे मला वाटत नाही. सगळे आकडे सांगायची गरज नाही. ‘बाबा, रिपोर्टमध्ये काय आले ते तुम्हाला ऐकायचे आहे का, की आम्हीच बघू?’ असे विचारा आणि ते जेवढे विचारतील तेवढे खरे सांगा. जमीनही त्यांचीच आहे. ती विकून सहा महिन्यांचे औषध घ्यावे की नातवंडांसाठी ठेवावी, हे त्यांना न विचारता ठरवण्याचा अधिकार तुम्हाला किंवा तुमच्या भावाला नाही. ते ‘शेक नको, दुखणे तेवढे थांबवा’ म्हणाले तर त्या उत्तरालाही उपचार आहे, आणि तो वर लिहिला आहे.

या दोन आठवड्यांत काळी डांबरासारखी शौच झाली, रक्ताची उलटी झाली, ताप येऊन पोट दुखू लागले, किंवा दिवसा झोप आणि रात्री जागरण होऊन बोलणे असंबद्ध वाटू लागले, तर सकाळची वाट पाहू नका आणि थेट मुंबईलाही निघू नका. जिथे रात्रीची दुर्बीण आणि रक्ताची सोय आहे असे साताऱ्यातील किंवा कराडमधील रुग्णालय कोणते, ते आजच विचारून ठेवा आणि त्याचा फोन नंबर भावाच्या, काकांच्या आणि तुमच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा.